छप्पर उडालेल्या देवळातली रोपवाटिका

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेत एक विषय ठरलेला असायचा. ही मंडळी चालू ठेवायची, की तालुक्याच्या मोठ्या मंडळीत मिसळून टाकायची? दरवर्षी चर्चा व्हायची, दरवर्षी इतिवृत्तात ‘पुढील सभेत विचार व्हावा’ असं लिहिलं जायचं आणि मग बटाटेवडे यायचे. मी खजिनदार, त्यामुळे वड्यांचा हिशेब माझ्याकडे.

प्रश्न खोटा नव्हता. दापोली तालुक्यात समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, दारात जुना फणस. रविवारी उपासनेला वीस-बावीस माणसं, त्यांत साठी ओलांडलेलीच जास्त. तरुण पोरं मुंबई-पुण्याला. नाताळात येतात, दणक्यात गातात आणि फराळाचे डबे भरून घेऊन परत जातात. स्वतंत्र पाळक, म्हणजे धर्मगुरू, आम्हाला परवडत नाही. तीन मंडळ्यांत मिळून एक पाळक. त्यांची पाळी नसेल त्या रविवारी मंडळीच्या पंचांपैकी कुणीतरी उपासना चालवायची.

एका नाताळातल्या सभेत मुंबईच्या एका इंजिनिअर पोरानं सरळ विचारलं, “पण आपण करतो काय?”

पंचांत सगळ्यांत जुने अण्णा. त्यांना राग आला. त्यांनी इतिहास काढला. 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोट-हर्णैला आले. ज्यांच्या नावानं मुंबईचं विल्सन कॉलेज आहे, ते जॉन विल्सन 1829 मध्ये मराठी शिकायला हर्णैलाच येऊन राहिले. पुढे दापोलीत मिशनचं हायस्कूल झालं, तिथं महामहोपाध्याय पां. वा. काणे शिकले. पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अण्णा, हे त्यांनी केलं. आपण?”

उत्तर कुणाकडे नव्हतं. शाळा आता जिल्हा परिषदेची, मी स्वतः त्याच शाळेत आयुष्यभर शिकवलं. दवाखाना सरकारचा. आम्ही रविवारी जमत होतो, आजारी माणसासाठी प्रार्थना करत होतो, एकमेकांच्या मयताला खांदा देत होतो. हे काही कमी नाही, असं मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणेन. पण तेवढ्यावर पंचविशीतलं पोर टिकत नाही, हेही खरं.

मग 2020 उजाडलं. मार्चअखेर सगळं बंद झालं, देऊळसुद्धा. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार 5 एप्रिलला होता. कोकणात झावळ्यांना काय तोटा! प्रत्येकानं आपापल्या दारात एक लावली आणि फोनवर पाळकांचा आवाज ऐकला. रेंज गेली की आशीर्वाद अर्धाच यायचा. मे महिन्यात चाकरमानी मिळेल त्या वाहनानं, काही तर चालत, गावाला आले. त्यांना शाळेत वेगळं ठेवलं. मुंबईकर म्हणजे रोग, अशी नजर गावात होती. ती आमच्या मंडळीतल्या काहींच्याही डोळ्यांत होती, झाकण्यात अर्थ नाही.

3 जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. आम्ही बाणकोट खाडीच्या अलीकडे, दक्षिणेला, पण वाऱ्यानं आम्हालाही सोडलं नाही. हवामान खात्याच्या हिशेबानं ताशी 100 किलोमीटरच्या वर. असल्या आकड्यांनी काही समजत नाही. आम्हाला समजलं ते आवाजावरून. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, मधोमध कडाडून मोडते. माड सहसा मुळासकट आडवा होतो आणि जाता जाता शेजारच्या दोन पोफळी घेऊन जातो. संध्याकाळी वारा पडला तेव्हा मी मागच्या पडवीत आले, तर समोर समुद्र. आमच्या पडवीतून समुद्र कधी दिसत नव्हता. मध्ये तीन वाड्या होत्या.

दारातला फणस देवळावर आला होता. आढं मधोमध मोडलं, वासे आणि रिपा खाली, कौलांचा खच बाकांवर. वेदीकडची भिंत आणि तिच्यावरचा लाकडी क्रूस मात्र तसाच होता. कुणीतरी फोटो काढून मुंबईच्या ग्रुपवर टाकला, तर तिकडे लगेच ‘चमत्कार’ सुरू झालं. मावशी, म्हणजे आमच्या मंडळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाई, तो मजकूर ऐकून म्हणाल्या, “चमत्कार कसला? त्या बाजूला झाड नव्हतं.”

पुढचे दिवस कुणाला कसलाच विचार करायला फुरसत नव्हती. विजेचे खांब आडवे, त्यामुळे पंप बंद. विहिरीवर पुन्हा रहाट आणि कळशी. फोनचे टॉवर मुके. रस्ता मोकळा केला तो कुणबीवाडीतल्या आणि मोहल्ल्यातल्या पोरांनी, आमची परत आलेली चार पोरं त्यांच्याबरोबर. महिनाभर ज्यांना शाळेत वेगळं ठेवलं होतं, त्यांच्याच हातात करवती होत्या. त्या आठवड्यात ‘मुंबईकर’ हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

पंचनाम्याला माणसं आली. घरांची नोंद झाली, वाड्यांची झाली. देवळाला रकाना नव्हता. बागायतीची भरपाई सरकारनं वाढवून हेक्टरी 50,000 रुपये केली होती. ऐकायला बरी रक्कम वाटते. पण आमच्याकडे हेक्टर आहे कुणाकडे? वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, त्यातही चुलत्यांच्या वाटण्या. गुंठ्याला पाचशे रुपये पडत होते. पाचशे रुपयांत आडवा पडलेला एक माड कापून बाहेर काढायची मजुरी सुटत नव्हती.

आणि तो काढणं गरजेचं होतं. हे मला शेजारच्या गावच्या एका काकांनी समजावलं. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात नोकरी करून निवृत्त झालेले. माडाचं खोड वाडीत कुजत पडलं, की गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो. अळ्या त्या कुजक्या लाकडावर पोसतात आणि भुंगे झाले की उभ्या माडांच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब खातात. म्हणजे वादळानं पाडलं ते गेलंच, वर राहिलेलेही जाणार. “बाई, यंदा जे पडलंय ते मोजू नका,” काका म्हणाले, “दोन वर्षांनी काय उभं असेल ते मोजा.”

पाळक आले ते जूनच्या मध्यावर. मोटारसायकल जिथवर येत होती तिथवर आणि पुढे चिखलातून पायी. तिशीतला माणूस, नव्यानं दीक्षा झालेला. देवळाच्या व्हरांड्यावर छप्पर उरलं होतं, तिथं तोंडाला फडकी बांधून आम्ही दहा-बारा जण बसलो. मला वाटलं, आता बायबलमधला दुःख सोसणारा ईयोब काढतील. संकटात पाळकांना ईयोब सुचतो. त्यांनी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा एकोणतिसावा अध्याय काढला.

त्या अध्यायातलं अकरावं वचन आमच्या निम्म्या घरांत भिंतीवर आहे, देवाच्या मनात आमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत ते. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, रिक्षाच्या काचेवर, सगळीकडे तेच. पाळकांनी ते वाचलंच नाही. पाचव्या वचनाशी थांबले. बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मया पत्र लिहितो, की घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा. आणि ज्या नगरात आहात त्या नगराचं भलं व्हावं म्हणून झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग पाळकांनी मागचा अध्याय उलटला. तिथं हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो लोकांना सांगतो, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होणार. यिर्मया सांगतो, सत्तर वर्षं.

“आपल्या फोनवर सध्या सगळे हनन्याच आहेत,” पाळक म्हणाले. बस, इतकाच उपदेश. प्रार्थना झाली आणि ते पुढच्या गावाला गेले.

मावशींनी तो उपदेश अक्षरशः घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पडलेल्या माडांचे नारळ हलवून बघताना दिसल्या. आत पाणी खळखळलं, की नारळ एका ढिगात, नाही खळखळलं की दुसऱ्या. “काय करता?” विचारलं तर म्हणाल्या, “बाग लावतेय. लावा म्हणाला ना तो?”

काकांना बोलावलं. त्यांनी ढीग पाहिले आणि बरेच नारळ बाजूला काढले. रोपासाठी नारळ पूर्ण तयार हवा, अकरा-बारा महिन्यांचा. झाड दरवर्षी नेमानं धरणारं, पंचवीस वर्षांच्या पुढचं, आखूड आणि भक्कम झावळ्यांचं हवं. आता झाड आडवं पडलं होतं, पण कुठलं झाड कसं धरायचं हे गावातल्या बायकांना तोंडपाठ होतं. कुणाच्या वाडीतल्या विहिरीजवळचा माड, कुणाचा गोठ्यामागचा. त्या माडांची नावं घेताना बायका रडत होत्या आणि त्याच हातांनी नारळ निवडत होत्या. सातशेच्या आसपास नारळ निघाले. खायचे नारळ तेव्हा पाण्याच्या भावानं जात होते, व्यापारी रस्त्यावरच गाडी उभी करून पाडून मागत होते. त्यामुळे ‘बियाण्याला ठेवते’ म्हणणं ही चैन होती. बऱ्याच घरांनी ती केली.

आता हे लावायचे कुठे? देवळाच्या आवाराचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, झाडांखाली तीन ठिकाणी ढासळला होता. आत गुरं शिरत होती, रात्री रानडुकरं. साळिंदराला तर नारळाचा कोवळा कोंब म्हणजे मेजवानी. गावात चारही बाजूंनी भिंत शाबूत असलेली, दार लागणारी, वरून पाऊस आणि ऊन येणारी आणि कुणाच्या वापरात नसलेली जागा एकच होती.

मावशींनीच सुचवलं. अण्णा उभेच राहिले.

“हे प्रार्थनेचं घर आहे. रोपवाटिका नव्हे.”

“पाऊस येतोयच आत,” मावशी म्हणाल्या.

“पाऊस देव पाठवतो. नारळ आपण नेऊन ठेवणार.”

मला दोघांचंही पटत होतं. अण्णांचा बाप्तिस्मा त्या देवळात झाला, लग्न तिथं झालं, बायकोला अखेरचा निरोप तिथून दिला. त्यांना ती जागा कोरी वाटत नव्हती, आणि छप्पर नाही म्हणून देऊळपण गेलं असंही नव्हतं. पाळकांना निरोप पाठवला. त्यांनी उत्तर दिलं, की पंचांनी ठरवावं. पंचांनी हात वर करून ठरवलं. अण्णांनी विरोध नोंदवायला लावला. तो इतिवृत्तात आहे, त्यांच्या सहीसह. पुढे त्यांचं मत बदललं, असं मला लिहिता आलं असतं तर कथा छान झाली असती. बदललं नाही. रविवारी ते व्हरांड्यातच बसायचे, आत पाऊल टाकत नसत. मात्र आवाराच्या गडग्याचे चिरे त्यांनी गड्याबरोबर बसून परत रचून घेतले, कारण गडगा दुरुस्त झाला की रोपं बाहेर जातील, असा त्यांचा हिशेब होता.

बाक काढून शाळेच्या व्हरांड्यात ठेवले. वेदीची पायरी आणि तिच्यासमोरची जागा मोकळी सोडली, तिथवर ताडपत्री ताणली. उरलेल्या फरशीवर चिऱ्यांच्या कडा लावून वाफे केले आणि नदीची वाळू भरली. समुद्राची वाळू हाताशी होती, पण ती खारी. नारळ फूट-फूट अंतरानं आडवे, वरचा भाग थोडा उघडा राहील असे मांडले. पावसानं पाणी घातलं, आम्ही फक्त तण काढायचं.

पैशाची कथा वेगळी. मुंबईच्या आमच्या लोकांनी देवळाच्या छपरासाठी वर्गणी जमवली, आणि मोठ्या मनानं जमवली. ते पैसे माझ्या वहीत आले तेव्हा गावात अशी परिस्थिती होती, की पत्र्याचा भाव आठवड्यागणिक चढत होता आणि आमच्याच मंडळीतल्या पाच घरांवर ताडपत्री होती. बाहेरच्यांची तर गणतीच नको. पंचांत ठरलं, की आधी घरं. आमची आणि देवळाला लागून असलेल्या वाडीतली. मुंबईला कळवलं. काहींनी ‘योग्य केलंत’ म्हटलं. एका देणगीदारांनी विचारलं, की मग संगमरवरी पाटीचं काय, कारण छपराबरोबर पाटी ठरली होती. पत्र्यावर पाटी लावायची सोय नसते, असं मी कळवलं. पुन्हा फोन आला नाही, पैसेही परत मागितले नाहीत.

दुसरं एक सुचवणं त्याहून नाजूक होतं. रोपांच्या पिशव्यांवर वचनाचे स्टिकर लावावेत, रोप देताना एखादं पत्रक द्यावं. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण गावात आधीच एका पोरानं चहाच्या टपरीवर विचारलं होतं, “रोपाबरोबर आणखी काय काय देतात?” आम्ही या गावात पिढ्यान्पिढ्या राहतो. गणपतीत आमच्या घरी मोदकांचं ताट येतं, नाताळात आमच्याकडून करंज्या जातात, ईदला मोहल्ल्यातून शिरखुर्मा. हे सगळं न बोलता चाललंय. पाळकांनी स्वच्छ सांगितलं. पिशवीवर काही नाही, पत्रक नाही, आणि रोप देताना प्रार्थनाही नाही. ज्याला प्रार्थना हवी त्यानं रविवारी यावं, दार उघडं आहे. “यिर्मयानं नगराचं भलं शोधा म्हटलं,” ते म्हणाले, “नगराला आपल्यासारखं करा, असं नाही म्हटलं.” माझ्या मते आमच्या मंडळीनं त्या काळात घेतलेला हा सगळ्यांत शहाणा निर्णय. पुढे त्याच टपरीवरचा पोरगा पाण्याच्या टाकीला नळ बसवून द्यायला आला.

16 नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. पुढच्या रविवारी आम्ही देवळात गेलो. म्हणजे, रोपं होती त्यात आम्ही गेलो. तोवर चारशेच्या वर नारळ फुटले होते. न फुटलेले काकांनी वाफ्यातून काढायला लावले, पाच-सहा महिन्यांत जो फुटत नाही त्याची वाट बघायची नसते. सुरक्षित अंतर ठेवायला सांगितलं होतं, ते वाफ्यांनीच ठेवलं. एका ओळीत माणसं, मग कोंब, मग माणसं. गाताना मास्क ओला व्हायचा. मुंबईहून घरून काम करायला आलेला तो इंजिनिअर पोरगाही होता. कुठला नारळ कुणाच्या वाडीतला, याची नोंद त्यानं लॅपटॉपवर ठेवायला घेतली होती आणि मावशींशी रोज भांडत होता, कारण मावशी नारळ जागचे हलवत होत्या.

पोफळीचं काम थंडीत सुरू झालं. वादळात पडलेल्या सुपाऱ्या हिरव्या होत्या, त्या बियाण्याच्या कामाच्या नव्हत्या. उभ्या राहिलेल्या पोफळींवर जानेवारीत नारिंगी शिंपुटं पिकली, ती उतरवली. इथं मला एक नवीन गोष्ट कळली. इतकी वर्षं सुपारीच्या गावात राहून मला ती माहीत नव्हती. पातेल्यात पाणी घ्यायचं आणि पिकलेल्या अख्ख्या सुपाऱ्या त्यात सोडायच्या. काही आडव्या लोळत तरंगतात, त्या बाजूला. काही देठाची टोपी वर करून सरळ उभ्या राहतात. त्याच बियाण्याच्या. शाळा बंद, त्यामुळे सगळ्या वाड्यांतली पोरं पातेल्याभोवती. “बाई, ही उभी!” “बाई, ही झोपली!” निवृत्तीनंतर एवढा भरलेला वर्ग मला पहिल्यांदाच मिळाला. उभ्या राहिलेल्या सुपाऱ्या देठ वर ठेवूनच वाळूत लावायच्या, वर जेमतेम वाळू, त्यावर गवत आणि रोज पाणी. दीड-दोन महिन्यांनी हिरवी सुई वर येते. पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून झापांचा, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा, मांडव घातला. झापं विणायला मोहल्ल्यातल्या दोन चाच्या आल्या, कारण आमच्यात कुणाला नीट विणता येत नव्हती.

2021 चा झावळ्यांचा रविवार 28 मार्चला होता. आदल्या वर्षी झावळ्या होत्या आणि माणसं नव्हती. या वर्षी माणसं आली, तर झावळी तोडायला कुणाचं मन होईना. उभ्या माडांना आधीच कमी झावळ्या होत्या. आम्ही रिकाम्या हातांनी गात फेरी काढली. पुढच्या रविवारी ईस्टर झाला आणि सोमवारपासून देऊळ पुन्हा बंद.

ती दुसरी लाट आमच्यावर पहिलीसारखी लांबून गेली नाही. एप्रिल-मेमध्ये मंडळीतले दोघे गेले, त्यांतले एक अण्णा. दफनाला मोजकी माणसं, पाळकांच्या अंगावर तो पांढरा प्लास्टिकचा झगा, भजन म्हणायला पाळक एकटे. आम्ही आपापल्या पडवीत उभं राहून तेच भजन म्हटलं. कुणाचा सूर कुणाला ऐकू गेला नाही. अण्णांनी रचून घेतलेला गडगा तेव्हा पुरा झाला होता. त्यांची पंचांची जागा अजून भरलेली नाही. उमेदवार नाही, हे एक कारण.

अण्णांना जाऊन आठवडा होतो न होतो तोच तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं. या वेळी ते समुद्रात लांबून गेलं, तरी ताडपत्री फाटली आणि झापांचा मांडव उडाला. पण भिंतींच्या आत होती म्हणून रोपं बचावली. मांडव दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहिला. आदल्या वर्षी असं काही झालं असतं, तर आम्ही चार दिवस डोकं धरून बसलो असतो. या वेळी रोपांना ऊन लागतंय म्हणून कुणाला बसायला वेळच नव्हता. पाळकांच्या उपदेशापेक्षा मला आशा म्हणजे काय ते त्या दिवशी जास्त समजलं. पाळकांना मी हे सांगितलंय, त्यांना राग आला नाही.

जूनच्या पहिल्या पावसात नारळाची रोपं वाटली. नियम सोपा ठेवला. ज्यानं बियाणं दिलं त्याला त्याच्या फुटलेल्या रोपांतली निम्मी. उरलेली ज्यांचं सगळंच गेलं होतं त्यांना. पैसे नाहीत, पण खड्डा आधी खणून दाखवायचा, तीन फूट लांब, रुंद आणि खोल. फुकटचं रोप कुंपणाला टेकवून ठेवायची खोड आपल्याकडे असते, म्हणून ही अट. बऱ्याच जणांना ती जाचक वाटली. एकानं तोंडावर सांगितलं, की तुमचं रोप घेण्यापेक्षा सरकारी बरं. दोन दिवसांनी खड्डा खणून बोलवायला आला.

त्याच जुलैत, 22 तारखेला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये घुसलं. आमच्याकडे आता ताडपत्र्या, दोऱ्या, फावडी आणि कुणाला कुठं पाठवायचं याची यादी, सगळं तयार होतं. पाणी उतरल्यावर पोरांची एक गाडी गेली, आमची, कुणबीवाडीची आणि मोहल्ल्याची मिळून. चिखल काढून आली. ती देवळाच्या आवारातून निघाली, याचं मला अप्रूप वाटलं. त्यांना नाही वाटलं. गाडी लावायला जागा तिथंच होती.

7 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. सुपारीची रोपं 2022 च्या पावसात वाटली आणि त्यानंतर छपराला हात घातला. आढं नवीन, वासे निम्मे जुने, कौलं उतरवलेल्या घरांकडून मिळाली ती. त्यामुळे छप्पर तीन रंगांचं आहे. मुंबईकरांना ते फोटोत आवडत नाही. रोपवाटिका गडग्याच्या आत, फणस होता त्या मोकळ्या जागेत गेली, म्हणजे अण्णांच्या म्हणण्याप्रमाणेच झालं. इंजिनिअर पोराला ऑफिसनं परत बोलावलं, तो गेला. नोंदवही आता मावशींची नात बघते.

मंडळी वाढली नाही. रविवारी अजूनही वीस-बावीसच असतो, दोन गेले, दोन लहान आले. पण आठवड्यातल्या कुठल्याही सकाळी आवारात कुणी ना कुणी असतं आणि त्यांतले निम्मे आमच्यातले नसतात. नारळानंतर काळी मिरीच्या वेली केल्या, पोफळीवर चढवायला. यंदा काकांच्या सांगण्यावरून जायफळाची कलमं करून बघतोय. जायफळात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बीपासून केलं तर फुलोरा येईपर्यंत कळत नाही, म्हणून कलमच हवं. निम्मी कलमं मेली, निम्मी धरली आहेत.

बाणवली जातीच्या माडाला फळ धरायला सहा-आठ वर्षं जातात, पोफळीला पाच-सहा. त्यामुळे वाड्यांतून अजून म्हणावं असं उत्पन्न नाही. आमच्या पडवीतून समुद्र अजून दिसतो, फक्त खालचा अर्धा भाग पानांनी झाकलाय. आता खरी डोकेदुखी माकडांची आहे. कोवळे कोंब उपटतात, शहाळी धरली की शहाळी फोडतील. ग्रामसभेत यावर दोन तट आहेत. एकांना राखणदार हवा, वाडीमागे वर्गणी काढून. दुसऱ्यांना वन खात्याकडे अर्ज करून वाट बघायची आहे. मंडळीच्या वतीनं मी राखणदाराच्या बाजूनं हात वर केलाय. त्याचा पगार कुठून काढायचा, ते आकडे सध्या मांडतेय.